मुलांचा व्यायाम : मनाई नको, माप हवे

सकाळी व्यायाम करणाऱ्या आई-वडिलांशेजारी मूल येऊन उभे राहते आणि म्हणते, "मलाही करायचंय." बहुतेक घरांत त्याला दोनांपैकी एक उत्तर मिळते. "तू अजून लहान आहेस, बाजूला हो," हे पहिले. वडील हौशी असतील तर "चल, उचल बघू," हे दुसरे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत. पहिल्याने मुलात आपणहून उपजलेली आवड कोमेजते, तर दुसऱ्याने त्याचे शरीर धोक्यात येते.

वजने उचलली की उंची खुंटते, हा समज आपल्याकडे दृढ आहे; आपल्या व्यवसायबंधूंतही तो आढळतो. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा झाल्यास वाढीवर परिणाम होऊ शकतो, हे खरे. परंतु झेपेल इतक्या भाराने, योग्य पद्धतीने व देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, याला पुरावा नाही. उलट ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य क्रीडेचा दर्जा दिला. डोईफोडियाहून धारणीमार्गे मेळघाट ओलांडला की अमरावती. हा वारसा आपल्या दाराशीच आहे. मल्लखांब, दंड, बैठका, सूर्यनमस्कार यांत मुलाला स्वतःच्याच शरीराचा भार पेलावा लागतो आणि शिकवणारा समोर उभा असतो. भार बेताचा आणि नजर अखंड, ही दोनच सूत्रे घरच्या व्यायामालाही पुरेशी आहेत.

पाच वर्षांखालील मुलांनी धावावे, लोळावे, लंगडी घालावी, आई-वडिलांची नक्कल करावी. त्यांच्यासाठी तोच व्यायाम. साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास मुलाला तोल सांभाळता येतो, सूचना नीट पाळता येतात. तेव्हा आधी वजनाविना हालचाल शिकवावी. ती निर्दोष झाल्यावरच हलके वजन द्यावे. एक हालचाल ८ ते १५ वेळा सहज करता येईल एवढाच भार असावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत व मध्ये एक दिवस विश्रांती असावी. जास्तीत जास्त किती उचलता येते याची परीक्षा शरीराची वाढ पूर्ण होईपर्यंत घेऊच नये. वयात येण्यापूर्वी मुलाची ताकद वाढते ती प्रामुख्याने मज्जातंतू व स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. दंड फुगलेले दिसले नाहीत म्हणून वडिलांनी निराश होऊ नये आणि भारही वाढवू नये. प्रथिनांच्या डब्याचीही गरज नाही. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी आणि आपल्या मळ्यातील केळी असताना तो खर्च व्यर्थ होय.

खरा धोका पुष्कळदा व्यायामात नसून घरातील साधनांत असतो. डंबेल पायावर पडते, चालत्या पट्ट्यावर कोवळे हात भाजतात, व्यायामाच्या सायकलीत बोटे अडकतात. अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर 'पेलोटन' कंपनीला मे २०२१ मध्ये आपली 'ट्रेड प्लस' ही ट्रेडमिल परत मागवावी लागली. आपल्या गावांतही आता अशी यंत्रे घरोघरी येऊ लागली आहेत. वापर संपताच तिचा वीजपुरवठा तोडावा, सुरक्षा किल्ली काढून उंचावर ठेवावी आणि वजने कुलपात ठेवावीत.

आपल्या परिसरासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सिकलसेल आजार आपल्या आदिवासी बांधवांत लक्षणीय आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे सुरू झाले. या आजाराच्या मुलाला व्यायाम वर्ज्य नाही. मात्र त्याने सावकाश सुरुवात करावी, वारंवार पाणी प्यावे, दमण्यापूर्वी थांबावे आणि कडक ऊन व थंड पाण्यात डुंबणे टाळावे. जी मुले केवळ वाहक आहेत, त्यांनीही भर उन्हात अतिश्रम करू नयेत. वैशाखात तर सर्वच मुलांचा व्यायाम ऊन चढण्यापूर्वी आटोपलेला बरा. श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे, धाप लागणे, तसेच दमा, हृदयदोष किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झाला असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तापातून उठलेल्या मुलाला पूर्ण बरे होऊ द्यावे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. पालकांनी विचारले असता "अजून लहान आहे" एवढेच सांगून त्यांना परत पाठवू नका. मुलाची छाती तपासा, हिमोग्लोबिन पाहा, सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते विचारा आणि औषधांच्या चिठ्ठीवर व्यायामही लिहून द्या : कोणता, किती वेळ, कुणाच्या देखरेखीखाली.

पालकांना सांगणे इतकेच, की मुलाला शेजारी जागा द्या. पण तुमचे माप त्याला लावू नका. दहा-बारा वर्षांनंतर तो तुमच्याकडे पाहण्याचे थांबवील. आज तो पाहतो आहे, तोवर त्याला ही सवय लागू द्या. आपल्याकडे मोठ्यांचा मधुमेह व रक्तदाब वाढत असताना यापेक्षा स्वस्त लस आम्हा डॉक्टरांजवळ नाही.