मोबाईल शहाणा झाला, पण हाक कोण मारणार?

मंडळी, या विकांताला कोडिंगला सुट्टी. आज विषय बीपी, शुगर आणि मोबाईलचा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक लाडका समज आहे. माणसाला आकडा दाखवला की माणूस सुधारतो! म्हणून घड्याळ पावलं मोजतं, ॲप रंगीत आलेख काढतं आणि संध्याकाळी "अजून २,००० पावलं बाकी" म्हणून कोकलतं. पंधरा दिवस मजा येते, मग घड्याळ ड्रॉवरमध्ये जातं.

आमचं कुरुंदवाड घ्या. गाव ऊसपट्ट्यातलं, त्यात नृसिंहवाडी शेजारी, म्हणजे बासुंदी आणि कवठाची बर्फी हाकेच्या अंतरावर. इथं गोड नको म्हणणं म्हणजे पाहुण्यांशी वैर. बाबांच्या मोबाईलवर बीपीच्या गोळीचा रिमाइंडर लावून दिला, तर म्हणाले, "आता ह्यो डबा मला शिकवणार व्हय?" आणि बंद केला. पण शेजारचे काका सकाळी दारातून हाक मारतात, तेव्हा हेच बाबा मुकाट्यानं चप्पल घालून घाटाकडे चालायला लागतात.

मग डिजिटल सगळं फुकट का? अजिबात नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ नोकरदार पुरुष. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिला, पण निम्म्या लोकांना वरून नियमित एसएमएसही पाठवले. दोन वर्षांनी एसएमएसवाल्यांत १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, बाकीच्यांत २७ टक्के. साधा एसएमएस बरं का! फक्त मजकूर त्या माणसाची तयारी किती आहे हे बघून लिहिलेला.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा सरकारी उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. त्यात वापरलेलं 'सिंपल' नावाचं ॲप मला फार आवडतं, कारण ते रुग्णाच्या डोक्यावर बसत नाही. ते असतं नर्सच्या हातात. कार्ड स्कॅन करायचं, बीपी आणि औषधं नोंदवायची, संपलं. ठरल्या तारखेला जो आला नाही, त्याचं नाव यादीत येतं आणि त्याला फोन जातो. म्हणजे काय, तर यंत्र लक्षात ठेवतं आणि माणूस हाक मारतो.

आपल्याकडे तर याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी लोकांना नेसत्या कपड्यानिशी घर सोडावं लागलं. अशा वेळी दवाखान्याची फाईल कोण शोधत बसणार? बीपीची गोळी मात्र छावणीतही रोज लागते, आणि तिथल्या नव्या डॉक्टरला तिचं नाव आणि डोस कळायला हवा. कागद भिजतो, सर्व्हरवरची नोंद भिजत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णाला आळशी ठरवणारी ॲप्स पुष्कळ झाली. कोण यायचं राहिलं हे सांगणारी साधी यादी आणि ती बघून फोन करणारं माणूस, यावर पैसा खर्च व्हायला हवा. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत आधी हे द्या, आलेख नंतर बघू.

तोवर आपण एक करू शकतो. घरात कुणाला रोजची गोळी असेल, तर चिठ्ठीचा फोटो काढून आपल्या मोबाईलवर ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारा. ॲप लागत नाही त्याला.