बोलावलेली फौज परत कधी जाते? गाविलगडाचा सवाल

चिखलदऱ्याला गेलं की आपली कुटुंबं गाविलगडही बघून येतात. बहमनी काळातला किल्ला, चार फोटो, परत. पण १८०३ मध्ये इंग्रज फौज इथं का आली होती, हे कुणी विचारत नाही. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रजांचं कारण सरळ होतं. पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहात मदत मागितली होती. बोलावलं म्हणून आलो!

२०१५ मध्ये येमेनवर सौदीच्या आघाडीनं बॉम्ब टाकले, तेव्हाही राजधानीतून पळालेल्या अध्यक्ष हादींचं बोलावणं होतंच. इराकवर अमेरिकेनं २००३ मध्ये केलेल्या हल्ल्याबद्दल आपल्याकडे कुणीही तावातावानं बोलतो. बरोबरच आहे, ज्या शस्त्रांचं निमित्त सांगितलं ती सापडलीच नाहीत. येमेनचं नाव काढलं की मात्र बैठकीत सगळे गप्प.

माझ्या मते बोलावण्याच्या कागदापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात. फौजेचा खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो, आणि काम झाल्यावर ती जाते का.

आपल्या वऱ्हाडचंच बघा. लढाईनंतर देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून गेला आणि इंग्रजांचा दोस्त निजाम याला मिळाला. दोस्ताची मजा झाली म्हणायची. पण पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज उभी राहिली. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. आपल्या अचलपुरातही तिची छावणी होती. पगार थकले, कर्ज चढलं, आणि १८५३ मध्ये त्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले. वऱ्हाड नाही. कपाशीचा मुलूख कोण सोडतो? १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टाच लिहून घेतला. त्यानंतर ती कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विरघळून गेली. ज्या फौजेच्या खर्चापायी मुलूख गेला ती फौजच उरली नाही, मुलूख तिकडेच राहिला.

आता १९७१ घ्या. काही घरांत अजूनही ‘मुस्लिम मुल्क तोडला’ अशी हळहळ ऐकू येते. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली होती. मारणारी फौज मुसलमान होती म्हणून त्या खुनांचं वजन कमी होत नाही. भारताचा स्वार्थ होता, नाही कोण म्हणतं? पण १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत आली. म्हणून मला ती कारवाई योग्य वाटते.

श्रीलंकेत मात्र १९८७ मध्ये रीतसर करार करून गेलो. शांतिसेना म्हणून गेलेले जवान तामिळ वाघांशीच लढत बसले, हजारावर जवान गेले. शेवटी ‘निघा’ म्हणायची वेळ तिथल्या राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांवर आली. शेवटची तुकडी १९९० च्या मार्चमध्ये परतली.