अर्धा सेकंद
२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की लिनक्सवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. मी असतो तर चहाला निघून गेलो असतो! त्याने खणलं. ‘एक्सझेड’ या फाइली आवळून लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा निघाला. सुदैवाने बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आत. बसवणारा ‘जिया तान’ या नावाने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरत होता. मूळचा सांभाळणारा लासे कोलिन एकटा, बिनपगारी आणि थकलेला. काम रखडतं म्हणून काहीजण (बहुधा त्याच टोळीचे) त्याच्यावर डाफरत होते. शेवटी त्याने किल्ल्या मदतनिसाकडे दिल्या. एक्सझेड मी वर्षानुवर्षं फुकट वापरतोय. लासेचं नाव मला त्या आठवड्यात कळलं.