थोर हवा, पण ओळखीचा

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे ‘एक अपरिचित थोर व्यक्तिमत्त्व’. वेळ पाच मिनिटं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक अट : व्यक्ती सर्वमान्य असावी. पुन्हा वाचा. अपरिचित, आणि सर्वमान्य! ज्याला कुणी ओळखत नाही त्याला सगळ्यांनी मान्यता दिली कधी, असं विचारायची आमच्या चौलात पद्धत नाही. आम्ही पालक. आम्ही मुकाट्यानं टोपी, काठी आणि नकली मिश्या शोधायला लागतो.

शोधायचं कुठं? मोबाइलमध्ये. ‘अपरिचित थोर व्यक्ती भाषण मराठी’ असं टाकलं की तो दहा नावं देतो, आणि ती अख्ख्या गावाला त्याच क्रमानं देतो. मग स्पर्धेच्या दिवशी दशरथ मांझी सकाळपासून चार वेळा डोंगर फोडतात आणि सिंधुताई सपकाळ तीनदा स्मशानात भाकरी भाजतात. दोघंही खरोखरच मोठी माणसं, त्यांचा यात काय दोष? पण सिंधुताईंवर 2010 साली मराठी सिनेमा आला, मांझींवर 2015 साली हिंदी. सिंधुताईंना पद्मश्री मिळाली. एवढं होऊनही ही माणसं अपरिचितच असतील, तर परिचित व्हायला माणसानं आणखी करावं तरी काय? आयपीएल खेळावं?

खरी मेख निराळीच आहे. आयोजकांना अपरिचित माणूस नकोच असतो. साच्यातल्या मोदकासारखा माणूस हवा असतो, फक्त सारण नवं. पहिल्या मिनिटात गरिबी, दुसऱ्यात माउली, तिसऱ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, चौथ्यात पुरस्कार. पाचव्यात ‘यावरून आपल्याला काय शिकायला मिळते?’ आणि टाळ्या. या पंचमिनिटात्मक मोक्षमार्गात जो बसत नाही तो थोर नव्हे, मग त्यानं समुद्र ओलांडलेले का असेनात.

आणि हे चाललंय कुठं, तर चौलात! हजार वर्षांपूर्वी अल्-मसूदी इथं येऊन गेला आणि लिहून गेला. इथल्याच पाण्यात 1508 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा लढताना मेला. बापानं पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड उगवला. ज्या गावच्या वाड्यांत नारळ पडला तरी इतिहासाच्या डोक्यावर पडेल, तिथली मुलं स्टीव्ह जॉब्जनं कॉलेज कसं सोडलं ते पाठ करतात. (ते ऐकून एकानंही शाळा सोडली नाही, ही पालकांची पुण्याई.)

म्हणून मी एका शाळेतल्या स्पर्धाप्रमुखांना अफनासी निकितीन सुचवला. निकितीनचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. ती शाळा ही नव्हे, उगाच चष्मे पुसू नका.

‘कोण हे?’ सरांनी विचारलं. अपरिचितपणाची परीक्षा पहिल्या फेरीतच पास! मी खुशीत आलो.

मी सांगत सुटलो. रशियातल्या त्वेरचा व्यापारी. माल घेऊन व्होल्गा नदीतून निघाला, तर अस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. घरी जावं तर डोक्यावर देणं. म्हणून पुढंच सरकला. होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबतात बसला आणि 1469 च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 साली. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. इथं लोक त्याच्या मागं मागं फिरले, गोरा माणूस पाहायला. चौलकरांच्या कपड्यांविषयी, खरं तर कपडे नसण्याविषयी, त्यानं जे नोंदवलंय ते ‘आदरणीय गुरुजनवर्ग’ असं म्हटल्यानंतर लगेच म्हणता येणार नाही. इथून पालीला पोचायला त्याला आठ दिवस लागले. जुन्नरला असदखानानं घोडा काढून घेतला आणि अट घातली : मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहराही, नाही तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. खुरासानच्या एका मुसलमानानंच मध्यस्थी करून धर्म आणि घोडा दोन्ही सोडवले. पुढं बीदरला तो घोडा विकला, पण तोवर त्याला पोसण्यातच बराच पैसा गेला होता. इथं घोड्यांना हरभरे आणि साखर-तेलातली खिचडी घालतात, हेही त्यानं टिपून ठेवलंय. आणि आपल्या देशात नेण्याजोगा माल इथं काही नाही, असाही निष्कर्ष काढला.

‘बरं, मग त्यांचं यश काय?’

यश? धंद्यात बुडाला. धर्मग्रंथ लुटीत गेल्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचाही पत्ता राहिला नाही. परतताना घर गाठण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ मेला. मागं राहिली एक वही. 1957 साली ख्वाजा अहमद अब्बासनी सोव्हिएत दिग्दर्शकाबरोबर त्याच्यावर ‘परदेसी’ काढला, नर्गिसला घेऊन. सिनेमा निघालेला असूनही हा गृहस्थ अपरिचितच राहिला, म्हणजे नियमात किती चपखल बसतो बघा!

सर गंभीर झाले. ‘काका, मुलांनी यातून घ्यायचं काय?’

आता काय सांगणार? कर्ज काढून घोडा घेऊ नये?

‘आणि आपल्या मातीतला कोणी नाही का?’ स्टीव्ह जॉब्ज कुठल्या मातीतला ते मी विचारलं नाही. मातीतला हवा ना, घ्या. नारायण नागू पाटील. आपल्याच अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप, 1933 ते 1939. खोतांच्या जमिनी कसायला कुळांनी नकार दिला, शेतं पडीक ठेवली, स्वतःचं पोट मारलं, आणि तेही एक-दोन नव्हे, सहा वर्षं. पाठीशी बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचं विधेयकच मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढं 1939 चा कूळकायदा आला. गरिबी आहे, जिद्द आहे, शेवटी विजयही आहे. साच्यात बसायला आणखी काय हवं?

सरांनी दाराकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. ‘विषय जरा वादग्रस्त होतो हो. पाहुण्यांत कोण कोण असतं...’

म्हणजे निकितीन बाद, कारण त्यानं काहीच मिळवलं नाही. आणि पाटील बाद, कारण त्यांनी ते कुणाकडून तरी मिळवलं!

ज्यांच्या पणज्यांनी चरीच्या संपात उपास काढले त्या घरांतली पोरं यंदाही डोंगर फोडायला उभी राहणार. परीक्षक मान डोलावणार, पहिला नंबर ज्याचा हातोडा पुठ्ठ्याचा असूनही खरा वाटेल त्याचा. आमच्या शेजारच्या पोरीला मात्र मी निकितीनची तयारी करून देतोय. घोड्याला खिचडी घालतात ते वाक्य तिला फार आवडलंय. असदखानाचा आवाज ती छान काढते. ‘यावरून काय शिकायला मिळते’ हे मी तिच्या कागदावर लिहिलेलंच नाही, आणि उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळणार नाही हे तिच्या आईला आधीच सांगून ठेवलंय.