दिंडीला चोपदार हवा

एका प्राणिसंग्रहालयात मी दोन वर्षे दर रविवारी स्वयंसेवकाचे काम केले. त्या आधारावर बोलतो. पहिल्या दिवशी गळ्यात बिल्ला अडकवून मला माकडांच्या पिंजऱ्यापाशी उभे केले. लोकांशी काय बोलावे, कोणी खडा मारला तर कोणाला हाक मारावी, हे कोणीच सांगितले नाही. जनावरांना चिडवणे वा खाऊ घालणे यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमाने बंदी आहे, हेसुद्धा मी पाटीवर वाचून शिकलो! वीस जणांचे वर्षअखेर तीन उरलो. साहेब म्हणाले, "लोकांत सेवाभावच राहिला नाही."

साफ खोटे! सेवाभाव होता, त्याला वळण लावणारा माणूस नव्हता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयासाठी १९५८ साली नागरिकांनी मित्रमंडळ काढले आणि २०२१ पर्यंत ते संग्रहालयाच्या पाठीशी राहिले. तिकडे स्वयंसेवक निवडणे, शिकवणे, त्यांच्या पाळ्या लावणे हा पगारी पेशा आहे. आमच्याकडे एका हत्तीला माहूत लागतो हे पटते. शंभर हौशी माणसांना कोणी लागतो, हे मात्र पटत नाही.

पगार आला की सेवेचे पावित्र्य जाते, असे कोणी म्हणेल. वारकरी पदरमोड करून चालतो, तरी दिंडीला चोपदार लागतोच. आणि हा चोपदार बारा महिने रोज हवा असेल, तर त्याच्या घरची चूलही पेटली पाहिजे. स्वयंसेवक फुकट मिळतो खरा; पण म्हणून तो फुकट घालवायचा काय?