हाताच्या भेगा आणि कापसाचा हिशेब



जिल्हा मेळाव्याच्या पत्रकात कापसाचा भाव, वीज, कर्ज हे विषय सोडून हाताच्या भेगांवर काय लिहायचे, असे काहींना वाटेल. असला लेख बायकांच्या मासिकात शोभतो, असेही कोणी म्हणेल. पण हा विषय नटण्यामुरडण्याचा नाही, हिशेबाचा आहे.

शेतकऱ्याचा हात राकटच असायचा, असे शहरातले लोक कौतुकाने म्हणतात. पुढारी व्यासपीठावरून या राकट हातांना नमस्कार करतात. आपल्याही मनात ते इतके बसले आहे की वेचणीच्या दिवसांत बोटांतून रक्त येते, रात्री भाकर थापताना तिखटमीठ भेगेत जाऊन आग होते, तरी बाई सांगत नाही आणि घरातला पुरुष विचारत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. फाटलेला हात हा कापूस पिकवण्याचा खर्च आहे. आज तो खर्च आपण कातडीने भरतो. सरकारच्या कागदात तो नाही, व्यापाऱ्याच्या भावात नाही आणि आपल्या वहीतही नाही.

साडेसात हजार बोंडे

एका बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे किलोला अडीचशे बोंडे आणि क्विंटलला पंचवीस हजार. दिवसाला तीस किलो वेचणारी बाई साडेसात हजार वेळा बोटे बोंडात घालते. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोके दाभणासारखी असतात. नखाच्या मुळाशी कातडी सोलते, त्यात धूळ जाते, बोट पिकते. आपल्या देशातला जवळपास सगळा कापूस असाच हाताने वेचला जातो. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून जाड मोजे घालून वेग कमी करणे कोणत्याही बाईला परवडत नाही. ती बोटांना चिंध्या गुंडाळते आणि ओळीला लागते.

वेचणीच्या आधी निंदणात तिचे हात गाजर गवतात असतात. ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज त्याच्यावाचून एक धुरा राहिलेला नाही. ते उपटणाऱ्या काही माणसांना कातडीची ॲलर्जी होते. हात, मान, पापण्या, कोपराचा खळगा खाजू लागतो, कातडी जाड होते, उन्हात त्रास वाढतो. गावात त्याला 'उष्णता' म्हणतात आणि बाई वर्षानुवर्षे खाजवत बसते. त्यावर खत फेकताना युरिया भेगांत जातो, तो वेगळाच.

आता कृषी मूल्य आयोगाचा उत्पादन खर्च पाहा. बियाणे, खत, कीटकनाशक, मजुरी, बैल, यंत्र, व्याज, जमिनीचा खंड, घरच्या माणसांच्या कामाचे मोल, सगळ्याला रकाना आहे. कीटकनाशकाच्या डब्याची किंमत धरली जाते, तो डबा उघडणाऱ्या हातावरच्या मोज्याला रकाना नाही. अवजारांची झीज धरतात, हाताची झीज धरत नाहीत. शासनाच्या शेतकरी अपघात योजनेत दोन हात गेले तर दोन लाख आणि एक गेला तर एक लाख मिळतात. हात तुटला तर सरकार मोजते, रोज थोडा थोडा झिजला तर मोजत नाही.

कारखान्यात काय होते? १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारांना हात धुण्याची सोय करून देणे मालकावर बंधनकारक केले. कापूस गिरणीच्या फाटकातून आत गेला की त्याला हात लावणारा माणूस कायद्याला दिसू लागतो. तोच कापूस पऱ्हाटीवर असताना त्याला हात लावणारी बाई कोणालाच दिसत नाही.

फाटलेल्या कातडीतून विष

कातडी ही शरीराची भिंत आहे. तिच्या वरच्या थरात थोडे तेल असते, ते पाणी आत राखते आणि बाहेरचे आत येऊ देत नाही. भेग पडली की ती भिंत फुटली. अशा हाताने फवारणीचे औषध कालवणे म्हणजे धुऱ्याला खिंडार पाडून वर गुरे सोडण्यासारखे आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंपाचा फवारा वर धरला की औषध हातावरून बाहीत आणि बाहीतून काखेत उतरत होते. मग चौकशा झाल्या आणि दोष कोणावर आला? फवारणाऱ्यावर. त्याने हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही! कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत. औषध बनवणारा, वाहणारा, विकणारा आणि फवारणारा, प्रत्येकाला अंग झाकणारे पुरेसे कपडे हवेत, असे त्यात लिहिले आहे. छेचाळीस वर्षे हा नियम कागदावर राहिला. दुकानात औषधाची बाटली मिळत होती, मोजे मिळत नव्हते. आणि माणसे मेल्यावर नियमाची आठवण झाली ती मेलेल्याला दोषी ठरवण्यासाठी.

कृषी महाविद्यालयात आम्ही बोंडअळ्यांच्या जाती पाठ केल्या, कोणत्या किडीला किती मिलिलिटर तेही पाठ केले. फवारणाऱ्याच्या कातडीवर एक तासही झाला नाही. म्हणून इथे लिहितो. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी औषधे नाकातोंडात न जाताही कातडीतून रक्तात जातात. कपाळाची कातडी हाताच्या कातडीपेक्षा सुमारे चौपट विष शोषते आणि जांघेतली त्याहूनही जास्त. औषधाच्या हाताने घाम पुसणे आणि त्याच हाताने लघवीला जाणे किती महागात पडते, ते यावरून समजा.

हात भाकरीनेही फाटतो

आता जेवणाकडे या. कातडी रोज नवी तयार होते आणि ती अन्नातूनच होते. वरून कितीही तेल लावले आणि पोटात नुसती भाकर आणि मिरचीचा ठेचा असला, तर हात भरून येत नाही.

कापसाचा भाव आणि हाताची कातडी यांचा संबंध शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लोकांसमोर आला. तिथल्या दक्षिणेकडच्या कापूस राज्यांत एक आजार पसरला होता. हाताच्या मागच्या बाजूला, मानेला, पायाला, म्हणजे जिथे ऊन लागते तिथे, दोन्ही बाजूंना सारखीच कातडी काळी पडून सोलायची. मग जुलाब, मग डोक्यावर परिणाम, मग मरण. नाव पेलाग्रा. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ खरखरीत कातडी. लोक त्याला संसर्ग समजत होते. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवले. त्यांनी पाहिले की अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत आजार आत राहणाऱ्यांना होतो, नोकरांना होत नाही. जेवणात दूध, अंडी, मांस, शेंगा आल्या की तो जातो. १९१६ मध्ये एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी साउथ कॅरोलिनातली कापड गिरण्यांची सात गावे तपासली. ज्या घराची कमाई कमी, त्या घरात पेलाग्रा जास्त.

तिथला कूळ शेतकरी दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावत होता, कारण उधारी देणारा कापसावरच उधारी द्यायचा. भाजीला वाफा नाही, गायीला चारा नाही. खायला मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. १९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि पेलाग्रा वाढणार, असा इशारा गोल्डबर्गरनी १९२१ मध्ये दिला. तिकडच्या पुढाऱ्यांना राग आला, आमच्या भागाची बदनामी होते म्हणाले! पुढाऱ्यांची जात सगळीकडे एकच. गंमत अशी की बोंड पोखरणाऱ्या भुंग्याने जिथे कापूस बुडवला, तिथे लोकांनी खायची पिके लावली आणि पेलाग्राचे मृत्यू कमी झाले.

हे मक्याचे झाले, आपले काय? आपल्याच दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत हाच आजार दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्यावर लिहिले. ज्वारीत ल्युसिन नावाचे प्रथिनातले द्रव्य जास्त असते, ते नायसिन या जीवनसत्त्वाचे गणित बिघडवते, असे त्यांचे म्हणणे. ल्युसिनवर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. पण ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असले की पेलाग्रा होत नाही, यावर वाद नाही. दोष ज्वारीचा नाही, कोरड्या भाकरीचा आहे. आणि दारूचाही आहे. आज हा आजार दिसतो त्यात दारू पिऊन जेवण टाकणारे पुष्कळ असतात.

आपल्या आज्यांनी पऱ्हाटीत तुरीचे तास घातले, मूग, चवळी, अंबाडी, तीळ टाकले. ते रानाचे शहाणपण होते आणि ताटाचेही. आज धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत एकच कापूस. तणनाशक मारले की तरोटा, चिवळ, माठ यांची फुकटची भाजीही गेली. आपण पिकवतो ती तूर विकतो आणि तिचीच डाळ दुकानातून पाव किलोने आणतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. असा निर्णय होतो तेव्हा दिल्लीत गिरण्यांचा विचार होतो. इकडे घरात आधी वरण पातळ होते, मग दूध बंद होते आणि शेवटी ते हातावर दिसते.

अंगठा उमटत नाही

यावर कळस म्हणजे रेशनचे यंत्र. आयुष्यभर निंदण-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजल्या, म्हणून दुकानातले यंत्र म्हातारीला ओळखत नाही. जिच्या हातांनी पिकवले, तिच्याच हातांमुळे तिचे धान्य अडते. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच कळवले आहे. दुकानदाराने परत पाठवले तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार करा, एकट्याने नाही, दहा जणांनी. आणि मिळते ते काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ठरवलेले माणशी पाच किलो धान्य. त्या हक्कात डाळ नाही. पोट भरेल, कातडी भरणार नाही.

घरी काय करायचे

सरकार जागे होईपर्यंत हात फाटू द्यायचे, असे आंदोलन कोणी सांगितले नाही. पुढील गोष्टी आजपासून करता येतात.

१. संध्याकाळी हात साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने धुवा. कपड्याचा सोडा, धुण्याची पावडर, रॉकेल, डिझेल हाताला लावू नका, ते कातडीतले तेल काढून नेतात. हात पुसून ओलसर असतानाच खोबरेल लावा. खोल भेगांत रात्री व्हॅसलिन भरून वर सुती कापड बांधा.

२. हाताला भेग किंवा जखम असेल त्या दिवशी फवारणी करू नका, औषध कालवूही नका. पाण्यात मिसळण्याआधीचे औषध सर्वांत घातक. ते काठीने ढवळा, हाताने कधीही नाही.

३. फवारणीला नायट्रिल रबराचे लांब मोजे घ्या. कापडी आणि चामडी मोजे औषध शोषतात. उंच पऱ्हाटीवर फवारताना मोजा बाहीच्या वर घालून त्याची कड दुमडा, म्हणजे ओघळ बाहीत जाणार नाही. काढण्याआधी मोजे हातावरच धुवा. डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

४. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा. ते धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत.

५. गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. फुलावर येण्याआधी मोजे घालून किंवा खुरप्याने काढा.

६. भाकरीबरोबर रोज वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, जवसाची किंवा तिळाची चटणी, अंबाडी, शेवगा, माठ यांपैकी एक भाजी, हंगामात आवळा, लिंबू. जमेल तेव्हा दूध, अंडे. आणि बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरले तर खायचे, हा रिवाज मोडा.

७. दोन्ही हातांवर सारखे काळे, सोलणारे चट्टे आणि जुलाब असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पेलाग्राचे नाव घ्या. नायसिनच्या स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा, त्याचे उपचार मोफत आहेत. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, छातीत आवळणे सुरू झाले तर कपडे काढा, अंग धुवा आणि औषधाचे लेबल घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा.

मेळाव्यात काय ठरवायचे

पहिले ठरवायचे ते आपल्याशीच. मजूर लावणारा शेतकरी हाही मालक आहे. औषधासाठी हजारो रुपये मोजताना फवारणाऱ्याच्या मोज्यांसाठी हात आखडता घेणारा माणूस गिरणीमालकाला कोणत्या तोंडाने बोलणार? यंदापासून ज्याचे शेत त्याने मोजे, साबण आणि धुवायचे पाणी द्यायचे. तो खर्च बियाण्याच्या खाली, खताच्या शेजारी वहीत लिहायचा.

दुसरे, दुकानदाराला सांगायचे: मोजे ठेवत नसशील तर तुझ्याकडून लाल-पिवळ्या त्रिकोणाचे औषध घेणार नाही. सगळ्या गावाने सांगितले की तो आठ दिवसांत ठेवतो.

तिसरे, मूल्य आयोगाकडे जाणाऱ्या प्रत्येक निवेदनात एक रकाना वाढवायचा: मोजे, साबण, दवाखाना आणि आजारात बुडालेली मजुरी. ही मदतीची मागणी नाही. कापसाच्या गाठीबरोबर आजवर फुकट गेलेल्या मालाचे हे बिल आहे. वह्या भरून आणा, जिल्ह्याची बेरीज आपण मेळाव्यात करू.