मुलींचा पोहण्याचा पोशाख घरीच शिवावा

वैशाखात शाळा सुटल्या की आमच्या खेड्यांतील विहिरी व तळी मुलांच्या आरोळ्यांनी दुमदुमू लागतात. काठावरून मुटके मारणारे, सूर मारून तळाची माती वर आणणारे, पाठीस सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून हातपाय झाडणारे, सारे मुलगेच. त्यांच्या बहिणी काठावर भावांचे कपडे राखीत बसलेल्या असतात. धुणे धुण्यास व पाणी भरण्यास त्याच पाण्यावर रोज जावे लागते ते मात्र त्या बहिणींनाच.

मुलीस पोहणे शिकवून काय करायचे आहे, असे म्हणणाऱ्या माता आता फारशा उरल्या नाहीत. कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: अंगात घालावे काय? फ्रॉक पाण्यात फुगून वर येतो. परकर पायांत गुंडाळतो. ओला सलवार-कमीज अंगास असा चिकटतो की मुलगी पाण्याबाहेर पाऊल टाकावयास लाजते. शहरच्या दुकानातील तोकडा पोशाख गावच्या विहिरीवर घालवत नाही, आणि अंग झाकणारा मिळालाच तर त्याची किंमत ऐकून बाप गप्प बसतो. अशा रीतीने दोन हात कापडापायी मुलगी काठावर राहते. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ वेषभूषेचा नाही, हे सांगणे न लगे.

सुती कपडा पाणी पिऊन जड होतो व माणसास खाली ओढतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. कपड्यात मुरलेल्या पाण्यास पाण्यात असेतोवर वजन जाणवत नाही. तेथे घात होतो तो घोळाचा. सैल कापड प्रत्येक हालचालीस अडविते, पाय बांधून टाकते, आणि पोहणाऱ्याचा दम उसना नसतानाही खर्च होऊन जातो. वजन जाणवते ते काठाला धरून वर येताना, म्हणजे दम संपलेला असताना. तेव्हा पोहण्याच्या कपड्यास दोन गुण हवेत: त्यास घोळ नसावा आणि त्याने पाणी धरू नये. अंग किती झाकले जाते हा प्रश्न वेगळा आहे. कोपरापर्यंत बाही व गुडघ्यापर्यंत पाय असलेला पोशाखही अंगाबरोबर बसत असेल तर पोहण्यास तो मुळीच आड येत नाही.

कापडाची ही किंमत जगाने फार महाग दिली आहे. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘जनरल स्लोकम’ नावाच्या आगबोटीस आग लागली. बोटीवर एका ल्यूथरन चर्चची वार्षिक सहल निघाली होती. बायका व मुले यांचाच भरणा. किनारा दूर नव्हता. परंतु बोटीवरील जीवरक्षक पट्टे कुजलेले, पोहता येणाऱ्या स्त्रिया थोड्या, आणि अंगावर त्या काळचे पायघोळ, थरावर थर असलेले कपडे. हजाराहून अधिक जीव गेले. चर्चची सहल म्हटली की आम्हांस ही हकीकत आठवल्यावाचून राहत नाही.

याच शहरातील गर्ट्रूड एडर्ली हिची कथा मात्र सुखाची आहे, आणि ती आजच्या विषयास अगदी लागू पडते. १९२५ साली इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा तिचा पहिला प्रयत्न फसला. त्या वेळचा तिचा पोशाख अंगास घासत होता व त्यात पाणी भरत होते. पुढल्या वर्षी तिने व तिची थोरली बहीण मार्गारेट हिने मिळून स्वतःच बेतून एक रेशमी, दोन भागांचा, अंगाबरोबर बसणारा पोशाख तयार केला. डोळ्यांवरच्या चष्म्यात पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कडा मेणबत्तीच्या मेणाने बुजविल्या. ६ ऑगस्ट १९२६ रोजी सुमारे साडेचौदा तासांत ती पैलतीरास लागली. खाडी पोहून जाणारी ती पहिली स्त्री. शिवाय तिच्यापूर्वी पार झालेल्या पाचही पुरुषांहून तिला वेळ कमी लागला. दोघी बहिणींच्या त्या कातरकामास त्या यशाचा थोडा तरी वाटा द्यावयास हवा. आपल्या देशातील आरती साहा ही १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा तिला बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. २९ सप्टेंबर १९५९ रोजी तिने तीच खाडी पार केली. असे करणारी ती आशियातील पहिली स्त्री होय.

आता मर्यादेविषयी. काही वडीलधाऱ्या मंडळींस वाटते की धर्मगुरूंनी असल्या विषयात पडूच नये. आमचे म्हणणे उलट आहे. मर्यादा राखावी म्हणून मुलीस पोहणे शिकविले नाही, आणि पाय घसरला तेव्हा ती वाचली नाही, तर त्या मर्यादेचा उपयोग कोणास झाला? दोन्ही गोष्टी साधतात, फक्त बेतणाऱ्याने डोके चालविले पाहिजे. सिडनी येथील आहेदा झनेट्टी या बाईंनी २००४ साली मुसलमान भगिनींसाठी सर्वांग झाकणारा पोशाख बेतला; तो इतर धर्मांच्या स्त्रियांनीही हौसेने घेतला. आपल्याकडे तर गुडघ्यापर्यंतचा पुरे.

पुढील मजकूर, हाती सुई धरणाऱ्या भगिनींस विचारूनच लिहिला आहे. त्यांच्या मते सारे यश कापड निवडण्यात आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्राचा धागा विणलेले ताणाचे कापड घ्यावे. असा ताणणारा धागा १९५८ साली अमेरिकेत निघाला. त्याआधी बायका लोकरीचे पोशाख घालून पोहत, हे ऐकून आजच्या मुली हसतील. दुकानात दहा सेंटिमीटर कापड चिमटीत धरून ओढून पाहावे. ते पंधरापर्यंत जावे व सोडताच मूळ जागी यावे. उभे व आडवे दोन्हीकडे. सैल पडून राहिले तर दुकानदारास परत द्यावे, मग तो काहीही म्हणो. दीड मीटर रुंदीचे कापड दहा वर्षांच्या मुलीस एक मीटर पुरते. अस्तर अर्धा मीटर वेगळे.

माप छातीचे, कमरेचे व नितंबांचे घ्यावेच. पण एक माप आपले शिंपीही विसरतात. खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे, आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर, असा पूर्ण वळसा मोजावा. हा वळसा तोकडा पडला तर खांदे काचतात. मोठा झाला तर पोशाखात पाणी भरते. नमुन्यासाठी अंगास नीट बसणारा जुना गंजीफ्रॉक व लेगिंग कागदावर ठेवून आखून घ्यावे. या साप्ताहिकाचे जुने अंक त्यासाठी वापरल्यास आम्ही रागावणार नाही. बेतताना रुंदी अंगाच्या मापाहून सुमारे दहावा भाग कमी धरावी, कारण हे कापड ताणूनच अंगास बसावयाचे असते. आपल्या नेहमीच्या शिवणात माया ठेवून मोठे बेततात. येथे लहान बेतावयाचे. पहिल्या खेपेस हात कचरतो, तो कचरू देऊ नये.

शिवताना सुई गोल टोकाची हवी. साध्या टोकदार सुईने टाके सुटतात व कापडास भोके पडतात. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो. घरच्या पायमशिनीत नागमोडी टीप निघत नसेल तर काळजी नको. कापड पुढून व मागून किंचित ताणून धरावे, दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा व शेजारी शेजारी दोन टिपा घालाव्यात. साधी टीप एकच घातली तर मुलगी पहिला हात मारतानाच ती तटकन तुटेल. हाताने घातलेला उलटा टाका याहूनही बरा; तो ताण सोसतो, आणि मशीन नसलेल्या घरातही जमतो. गळा व मुंढे यांस रबरी इलॅस्टिक आतून टाचून, दुमडून शिवावे. गळ्यास नाडी, मोठी बटणे किंवा लोंबते काही ठेवू नये. विहिरीच्या कपारीत किंवा पंपाच्या पाइपात ते अडकते.

रंगाविषयी आग्रहाने सांगतो. निळा, पांढरा व राखाडी पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. झळझळीत नारिंगी किंवा पोपटी दुरूनही दिसतो, आणि बुडणाऱ्यास शोधण्यास मिनिटे थोडी असतात. फिकट रंगास मात्र पुढून अस्तर हवेच.

मोठ्या भगिनींचे म्हणणे की आम्हांस गडद रंगच शोभतो. बरोबर आहे. बाजूंस गडद पट्ट्या लावाव्यात, म्हणजे बांधा सडपातळ दिसतो. पोटावर थोड्या चुण्या घ्याव्यात, छातीस अस्तर दुहेरी करावे, आणि खांद्यांवर तेवढा झळझळीत रंग ठेवावा. कमरेस झालर हवी तर वीतभर, त्याहून अधिक नको. शोभण्याची हौस आम्ही कमी लेखीत नाही. ज्या पोशाखात स्त्रीस ओशाळल्यासारखे वाटते तो घालून ती पाण्यात उतरत नाही, आणि उतरल्यावाचून शिकत नाही.

पोशाखाने पोहता येत नाही, हे मुलींस बजावावे. कमरेस दोर, काठावर पोहता येणारे मोठे माणूस, आणि एकटीने कधी उतरू नये.

पोहून आल्यावर पोशाख गोड्या पाण्यात खळबळावा, पिळू नये, आणि सावलीत वाळवावा; उन्हाने लायक्राचा जीव जातो. मुली झपाट्याने वाढतात, तेव्हा खांद्याच्या शिवणीत दोन बोटे कापड आत दुमडून ठेवले तर पुढल्या उन्हाळ्यातही तोच उपयोगी पडेल.